रोबोटच्या चाकाचे फेरे मोजणारे सेन्सर: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

पिवळ्या टीटी गिअर मोटरचं किट उघडलं की त्यातून वीस खाचांची काळी चकती हमखास निघते. सोबत घोड्याच्या नालेसारखा एक सेन्सर असतो. त्याच्या एका पायात इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या पायात उजेड ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर आणि बोर्डावर एलएम३९३ कंपॅरेटर, म्हणजे सिग्नल ठरलेल्या उंबरठ्याच्या वर की खाली हे सांगणारी चिप. चकती या दोन पायांमधून फिरते, खाच समोर आली की उजेड पार जातो आणि एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, मिळते. बहुतेकांचा पहिला रोबोट याच सेन्सरवर चालतो, म्हणून परीक्षाही इथूनच सुरू करू.

या किटचं चाक ६५ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे परिघ सुमारे २०४ मिमी. वीस खाचा, म्हणून दर पल्सला १०.२ मिमी अंतर. सरळ रेषेत चालवायला हे पुरतं: डाव्या आणि उजव्या चाकाच्या पल्स सारख्या ठेवल्या की गाडी फार भरकटत नाही. अडचण वळताना येते. दोन चाकांमध्ये १५० मिमी अंतर असेल आणि गाडी जागच्या जागी ९० अंशांत वळवायची असेल, तर प्रत्येक चाकाला ११८ मिमी चालावं लागतं, म्हणजे साधारण साडेअकरा पल्स. अर्धी पल्स मोजता येत नाही. ११ वर थांबलात तर ८६ अंश, १२ वर थांबलात तर ९४. प्रोग्राम कितीही नेटका लिहा, हा चार अंशांचा फरक सेन्सरमध्येच आहे. खाचेच्या दोन्ही कडा मोजून पल्स चाळीस करता येतात, पण खाच आणि दात सारख्या रुंदीचे नसल्यामुळे पावलं लहानमोठी पडतात. त्यामुळे आकडा दुप्पट झाला तरी अचूकता तेवढी वाढत नाही.

याहून जास्त छळणारी गोष्ट म्हणजे जादा पल्स. फोटोट्रान्झिस्टरचा सिग्नल खाचेच्या कडेवर हळूहळू चढतो. असल्या बऱ्याच स्वस्त बोर्डांवर कंपॅरेटरला हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याचे वेगवेगळे उंबरठे) दिलेला नसतो, त्यामुळे सिग्नल उंबरठ्यापाशी थरथरला की एका खाचेच्या तीन-चार पल्स होतात. उपाय सोपा आहे: डिजिटल आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर सोल्डर करा. बोर्डावर १० किलोओहमचा पुल-अप (सिग्नलची तार पुरवठ्याकडे ओढून धरणारा रेझिस्टर) असेल तर त्याच्यासोबत हा कॅपॅसिटर साधारण १ मिलिसेकंदाची गाळणी तयार करतो. चाक सेकंदाला ४ फेरे घेत असेल तर दोन पल्समध्ये साडेबारा मिलिसेकंद असतात, म्हणून खरी पल्स बुडत नाही. मात्र हाच कॅपॅसिटर मोटरच्या वेगवान आरीवर (शाफ्टवर) बसवलेल्या चकतीला लावलात तर खऱ्या पल्सही गिळून टाकेल. तिथे ७४एचसी१४ सारखा श्मिट ट्रिगर, म्हणजे हिस्टेरिसिस असलेली चिप, घाला.

जोडणी झाली की चाकावर पेनाने खूण करा, हाताने बरोबर दहा फेरे फिरवा आणि आकडा बघा. २०० आला पाहिजे. २०५ किंवा २१० आला तर कडा थरथरतेय. १९० च्या आसपास आला तर चकती सेन्सरच्या तोंडात पुरेशी खोल बसलेली नाही, किंवा वाकडी असल्यामुळे फेऱ्याच्या एका भागात बाहेर येते. घरात बरोबर आणि उन्हात चुकीचा आला, तर सूर्यप्रकाशातलं इन्फ्रारेड फोटोट्रान्झिस्टरवर पडतंय. काळ्या प्लास्टिकचं झाकण लावलं की भागतं.

खरी उणीव खाचांची नाही, एकाच चॅनलची आहे

वर सांगितलेलं सगळं दुरुस्त करता येतं. एक गोष्ट येत नाही. हा सेन्सर एकच तार बाहेर देतो, त्यामुळे चाक पुढे फिरलं की मागे हे त्याला कळत नाही. दिशा मोटरला दिलेल्या आदेशावरून गृहीत धरावी लागते, आणि नेमक्या गरजेच्या वेळी हे गृहीतक चुकतं. उलट आदेश दिल्यावरही गाडी क्षणभर जडत्वाने पुढेच सरकते, उतारावर मोटर बंद असताना घरंगळते, कुणी हाताने ढकलतं. या सगळ्या पल्स चुकीच्या खात्यात जमा होतात.

आणखी एक दोष फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी थांबली आणि खाचेची कड नेमकी उजेडाच्या रेषेवर आली, की दुसऱ्या मोटरच्या कंपनानेही तो सिग्नल चालू-बंद होत राहतो. गाडी जागेवर उभी आणि आकडा वाढतोय. दोन चॅनलच्या एन्कोडरमध्ये (फेरे मोजणाऱ्या सेन्सरला एन्कोडर म्हणतात), म्हणजे क्वाड्रेचरमध्ये, ए आणि बी असे दोन सेन्सर एका खाच-दात जोडीच्या पाव अंतराने सरकवून बसवलेले असतात. ए आधी बदलला की बी, यावरून दिशा कळते. कड थरथरली तर एक पाऊल पुढे, एक मागे अशी मोजणी होते आणि बेरीज शून्यावर राहते. म्हणून निवडताना पहिला प्रश्न फेऱ्याला किती पल्स हा नसावा, चॅनल किती हा असावा. दोन चॅनलचा साधा एन्कोडर एका चॅनलच्या बारीक एन्कोडरपेक्षा भरवशाचा असतो. गाडीला स्वतःची जागा कळायला हवी असेल तर एका चॅनलचा सेन्सर घेऊच नका. फक्त वेग स्थिर ठेवायचा असेल तर चालेल.

मोटरच्या पाठीवरचा हॉल एन्कोडर: बहुतेकांसाठी हाच

गिअर मोटरच्या मागच्या आरीवर छोटी चुंबकीय चकती आणि तिच्यासमोर चुंबकीय क्षेत्र ओळखणारे दोन हॉल सेन्सर, अशी ही रचना. धूळ, ऊन, तेल यांचा त्रास जवळजवळ नाही. चकती गिअरबॉक्सच्या आधी असल्यामुळे गिअरचा गुणक फुकट मिळतो. पोलोलू या कंपनीच्या ३७डी मोटरवर मोटरच्या एका फेऱ्याला ६४ काउंट, म्हणजे मोजलेली पावलं, मिळतात. ३०:१ च्या गिअरबॉक्सनंतर चाकाच्या फेऱ्याला ते सुमारे १९२० होतात. ६५ मिमीच्या चाकावर हे ०.१ मिमीच्या आसपास जातं. वरचं साडेअकरा पल्सचं वळण इथे ११०० च्या वर काउंटचं होतं.

खरेदी करताना आकडे मात्र नीट वाचा. काही विक्रेते एका चॅनलच्या पूर्ण पल्स सांगतात, काही दोन्ही चॅनलच्या सगळ्या कडा मोजून चौपट आकडा सांगतात, आणि पीपीआर (फेऱ्याला पल्स) व सीपीआर (फेऱ्याला काउंट) ही नावं दोघेही मनाला येईल तशी वापरतात. पोलोलूचे ६४ म्हणजे सगळ्या कडा, एका चॅनलच्या पल्स १६ च. २५ मिमी व्यासाच्या अनेक मोटरांवर लिहिलेले ११ पीपीआर म्हणजे एका चॅनलच्या पल्स, सगळ्या कडा धरल्या तर ४४. या घोळात गाडी चौपट किंवा पाव अंतर चालते. सुदैवाने चूक इतकी ढोबळ असते की लगेच दिसते.

जी चूक लगेच दिसत नाही ती गिअरच्या गुणोत्तराची. पेटीवरचा आकडा बहुधा गोल केलेला असतो. पोलोलूच्या मायक्रो मेटल मालिकेत ५०:१ म्हणून विकला जाणारा गिअरबॉक्स प्रत्यक्षात ५१.४५:१ आहे आणि १००:१ वाला १००.३७:१. या मोटरला १२ काउंटचा एन्कोडर लावला तर चाकाच्या फेऱ्याला ६०० नव्हे, ६१७.४ काउंट येतात. ६०० धरून प्रोग्राम लिहिलात तर मीटरभर जायला सांगितलेली गाडी २८ मिमी आधी थांबते, आणि माणूस चाकाचा व्यास पुन्हा पुन्हा मोजत बसतो. अचूक गुणोत्तर उत्पादकाच्या तक्त्यात असतं. नसेल तर मोटर मंद वेगात चालवून चाकाचे वीस फेरे खुणेला खूण जुळवून मोजा आणि भागाकार करा. गुणोत्तर मोठं असेल तर चाक हाताने जोर लावून फिरवू नका, शेवटच्या गिअरचे दात तुटतात.

जोडणीत दोन ठिकाणी नुकसान होतं. पहिलं, सहा तारांमधली अदलाबदल. दोन तारा मोटरच्या, चार एन्कोडरच्या. पोलोलूच्या ३७डीवर लाल आणि काळी मोटरला, निळी पुरवठ्याला, हिरवी ग्राउंडला, पिवळी आणि पांढरी ए व बी चॅनलला. लाल-काळी दिसली की हात सवयीने त्यांना सेन्सरचा पुरवठा समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. दुसऱ्या कंपनीच्या मोटरवर रंग वेगळे असतात. बोर्डावर छापलेली अक्षरं वाचल्याशिवाय वीज देऊ नका.

दुसरं नुकसान व्होल्टेजचं. ३७डीचा एन्कोडर ३.५ ते २० व्होल्टवर चालतो आणि जेवढा पुरवठा तेवढंच आउटपुट देतो. ५ व्होल्ट दिले की ५ व्होल्टच्या पल्स येतात, आणि ईएसपी३२ किंवा पिको या कंट्रोलर बोर्डांच्या पिनांची मर्यादा ३.३ व्होल्टची. पुरवठाच ३.३ व्होल्टचा दिला तर तो या एन्कोडरच्या किमान मर्यादेच्या खाली जातो. मध्ये दोन रेझिस्टरचा विभाजक टाकायची पद्धत आहे, पण एन्कोडरच्या बोर्डावर आधीच पुल-अप असेल तर तो विभाजकाशी जोडला जाऊन व्होल्टेज अपेक्षेपेक्षा खाली ओढलं जातं आणि पल्स कधी वाचली जाते, कधी नाही. ३.३ व्होल्टवर चालवलेली ७४एलव्हीसी२४५ चिप ५ व्होल्टचे सिग्नल सुखाने घेते, तीच वापरा. पोलोलूचा मायक्रो मेटल मोटरसाठीचा चुंबकीय एन्कोडर २.७ व्होल्टपासून चालतो, त्याला हा खटाटोप लागत नाही.

उणिवाही आहेत. सेन्सर गिअरबॉक्सच्या आधी असल्यामुळे गिअरमधली ढिलाई त्याला कळत नाही. दोन अंशांची ढिलाई ६५ मिमीच्या चाकावर १.१ मिमी होते. दिशा बदलताना मोटर तेवढी फिरते, आकडा वाढतो आणि चाक मात्र हलत नाही. काउंट ०.१ मिमीचा असला म्हणजे जागाही तेवढी अचूक कळली, असं नाही. दुसरी गोष्ट मोटरच्या तारांची. मोटरच्या आणि एन्कोडरच्या तारा एकाच जुडग्यात येतात आणि पीडब्ल्यूएमचा (मोटरचा वेग ठरवायला वीज झपाट्याने चालू-बंद करण्याचा) गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. मोटरच्या दोन टोकांमध्ये १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर लावा, मोटरच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळा, एन्कोडरच्या तारा वेगळ्या वाटेने न्या. तपासणी अशी: गाडी ठोकळ्यावर उचलून ठेवा, फक्त डावी मोटर पूर्ण वेगात चालवा आणि उजव्या चाकाचा आकडा बघा. तो शून्यावर स्थिर राहिला पाहिजे. सरकत असेल तर आधी वायरिंग सुधारा. प्रोग्राममध्ये गाळणी घालून हा दोष झाकला जातो, जात नाही.

एएस५६००: उत्तम, पण अटी पाळल्या तर

हा चुंबकीय कोनमापक. आरीच्या टोकावर छोटं गोल चुंबक चिकटवायचं आणि समोर चिप ठेवायची. एका फेऱ्याचे ४०९६ भाग, आणि वीज आल्याबरोबर सध्याचा कोन सांगतो. गिअरबॉक्सनंतरच्या आरीवर बसवला तर ढिलाईचा प्रश्नही मिटतो. रोबोटच्या हाताच्या सांध्यासाठी या वर्गात याच्यासारखा दुसरा सेन्सर शोधूनही सापडणार नाही. चाकांसाठी मात्र आमची शिफारस थोडी हात राखून.

पहिलं कारण पत्ता. आयटूसी या दोन तारांच्या वाहिनीवर त्याचा पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) ३६ असा कायमचा ठरलेला आहे. दोन चाकांचे दोन सेन्सर एकाच तारेवर बसत नाहीत. एका वाहिनीच्या अनेक शाखा करणारा टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर लावा, किंवा ईएसपी३२ वरच्या दोन स्वतंत्र आयटूसी वाहिन्या वापरा, किंवा पत्ता बदलता येणारा एएस५६००एल घ्या.

दुसरं, चुंबक. ते व्यासाच्या दिशेने चुंबकित असावं लागतं, म्हणजे वरच्या गोल पृष्ठभागाचा अर्धा भाग उत्तर, अर्धा दक्षिण. सहज मिळणारी नाण्यासारखी चुंबकं जाडीच्या दिशेने चुंबकित असतात. ती लावली तर आरी फिरते आणि कोन जागेवर राहतो किंवा वेडावाकडा हलतो. ओळखायला दोन एकसारखी चुंबकं कडेला कड लावून टेबलावर ठेवा आणि एक जागच्या जागी गोल फिरवा. फिरवताना आकर्षण-विकर्षण बदलत गेलं तर ती योग्य आहेत. साधारण ६ मिमी व्यासाचं चुंबक, चिपपासून ०.५ ते ३ मिमी अंतर, आणि केंद्रापासून पाव मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेलं नको. हे पाव मिलिमीटर गोंद आणि अंदाज यांवर साधत नाही, थ्रीडी प्रिंट केलेली टोपी हवीच.

बसवल्यावर चिपलाच विचारा. हेक्स ०बी या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या नोंदीच्या कप्प्यात) चुंबक सापडलं का, ते फार जवळ आहे की फार लांब, याचे तीन बिट आहेत. हेक्स १ए मध्ये एजीसीचा, म्हणजे चिप सिग्नल किती वाढवतेय याचा, आकडा मिळतो: ५ व्होल्टवर ० ते २५५, ३.३ व्होल्टवर ० ते १२८. तो मध्याच्या आसपास येईल इतकं अंतर ठेवा. डीआयआर ही दिशा ठरवणारी पिन ग्राउंडला किंवा पुरवठ्याला जोडलीच पाहिजे. मोकळी सोडली तर फिरण्याची दिशा मध्येच उलटू शकते, आणि हा दोष प्रोग्राममध्ये शोधत तास जातात.

चाकासाठी वापरताना पूर्ण फेरे तुम्हालाच मोजायचे आहेत. ४०९५ वरून ० वर उडी आली की फरक २०४८ पेक्षा जास्त होतो, तेव्हा ४०९६ वजा किंवा अधिक करायचे. त्यासाठी अर्ध्या फेऱ्याच्या आत पुढचं वाचन झालंच पाहिजे. मुख्य लूपमध्ये कुठे डिले घातला असेल तर अख्खा फेरा गायब होतो आणि त्याचा मागमूसही राहत नाही. शिवाय आयटूसी ही बोर्डावरच्या बोर्डावर चालायची वाहिनी. मोटरच्या शेजारून अर्धा मीटर तार नेली तर ती अधूनमधून अडकते. लांब तार लागणार असेल तर १४ बिटांचा, एसपीआय या दुसऱ्या वाहिनीवर चालणारा एएस५०४८ए जास्त समजूतदार आहे.

मोठ्या गाड्यांसाठी

एएमटी१०२ हा कपॅसिटिव्ह एन्कोडर २ ते ८ मिमीच्या आरीवर बसतो, सोबतच्या रंगीत बाह्यांमधून (आरीवर चढवायच्या नळ्यांमधून) योग्य मापाची निवडायची. मागच्या छोट्या स्विचांनी फेऱ्याला ४८ पासून २०४८ पर्यंत पल्स ठरवता येतात. धुळीला दाद देत नाही. ५ व्होल्टचा आहे, त्यामुळे व्होल्टेजबद्दल वर सांगितलेली काळजी इथेही. २०४८ वर ठेवण्याचा मोह टाळा. सगळ्या कडा मोजल्या तर ८१९२ होतात, आणि चाक सेकंदाला ५ फेरे घेत असेल तर एका चाकाचे सेकंदाला ४०,९६० काउंट. आर्डुइनो उनोला एवढं झेपत नाही. २५६ किंवा ५१२ भरपूर झाले.

६ मिमी आरीचा, ६०० पल्सचा औद्योगिक एन्कोडरही बाजारात खूप दिसतो. धातूचा, भक्कम आणि जड. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, ते तार फक्त ग्राउंडला ओढू शकतं, म्हणजे पुल-अप नसेल तर काहीच दिसत नाही आणि माणूस एन्कोडर खराब समजून परत पाठवतो. ४.७ किलोओहमचे पुल-अप ३.३ व्होल्टला जोडा, मग ईएसपी३२ लाही थेट चालतो. फक्त ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नाही, हे विसरू नका. हा एन्कोडर मोटरला जोडण्यापेक्षा स्प्रिंगने जमिनीवर दाबलेल्या वेगळ्या मोकळ्या चाकावर लावा. चालवणारी चाकं घसरतात तेव्हा मोटरवरचा कोणताही एन्कोडर घसरलेलं अंतरही प्रामाणिकपणे मोजतो. मोकळं चाक सहसा घसरत नाही.

टाळायचे दोन. केवाय-०४० हे बटणासारखं फिरवायचं नॉब आहे, चाकाचा एन्कोडर नव्हे. आत घासणारे धातूचे संपर्क असतात, ते उड्या मारतात आणि झिजतात. सेकंदाला २ फेरे घेणारं चाक तासाला ७,२०० फेरे पूर्ण करतं, एवढ्या वापरासाठी तो बनवलेलाच नाही. आणि टीसीआरटी५००० सारखा परावर्तन सेन्सर चाकावर काळे-पांढरे पट्टे काढून वापरतात तो. २.५ मिमीच्या आसपास अंतर ठेवलं तर चालतो, पण काळा दिसणारा प्रत्येक रंग इन्फ्रारेडमध्ये काळा नसतो. इंकजेटची काळी शाई पुष्कळदा इन्फ्रारेड शोषत नाही आणि सेन्सरला सगळा कागद पांढराच दिसतो. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये कार्बन असतो, त्यावर पट्टे व्यवस्थित ओळखले जातात.

मोजणारा कंट्रोलरही निवडीचाच भाग

उनोवर बाह्य इंटरप्टच्या (पल्स येताच चालू काम थांबवून ती मोजायला लावणाऱ्या) पिना दोनच, २ आणि ३. दोन चाकांचे दोन-दोन चॅनल म्हणजे चार तारा. मग प्रत्येक चाकाचा एकच चॅनल इंटरप्टवर घ्यायचा आणि दुसरा आत वाचायचा, म्हणजे काउंट निम्मे किंवा पाव होतात, पण दिशा टिकते. उनोसोबत ही तडजोड ठीक आहे. आकडा व्होलाटाइल लाँग (चार बाइटचा, इंटरप्टमध्ये बदलू शकणारा) या प्रकारात ठेवा आणि तो उचलताना क्षणभर इंटरप्ट बंद करा. आठ बिटांचा प्रोसेसर चार बाइट एका दमात वाचत नाही, मध्येच पल्स आली की अर्धा जुना, अर्धा नवा असा भलताच आकडा हाती येतो.

ईएसपी३२ मध्ये पल्स मोजणारे आठ स्वतंत्र घटक हार्डवेअरमध्येच आहेत, एसटीएम३२ या कंट्रोलरच्या टायमरना एन्कोडर मोड आहे, पिकोवर हेच काम पीआयओ हा पिना हाताळणारा स्वतंत्र घटक करतो. यांपैकी काहीही असेल तर इंटरप्टच्या वाटेला जाऊ नका. ईएसपी३२ चा मोजक १६ बिटांचा, चिन्हासह आहे, ३२,७६७ च्या पुढे जाण्याआधी त्याची बेरीज बाजूला काढत राहावं लागतं.

सेन्सर बसला, आकडे बरोबर आले, तरी चाकाचा व्यास आणि दोन चाकांतलं अंतर पट्टीने मोजून भागत नाही. रबर वजनाने दबतं. गाडीला तिच्या पूर्ण वजनानिशी सरळ ३ मीटर चालवा आणि खरं अंतर मोजून व्यास ठरवा. मग ४ मीटर बाजूचा चौकोन घड्याळाच्या दिशेने पाच वेळा आणि उलट दिशेने पाच वेळा फिरवा, दर वेळी शेवटी ती मूळ जागेपासून किती चुकली ते जमिनीवर खडूने नोंदवा. दोन्ही दिशा हव्यातच, कारण चाकांच्या व्यासातला फरक आणि चाकांमधलं चुकीचं अंतर या दोन चुका एका दिशेने फिरताना एकमेकींना झाकू शकतात. उलट दिशेने फिरताना त्यांची बेरीज होते आणि दोष उघडा पडतो. टायर बदलला, बॅटरी जड घेतली किंवा चाक काढून पुन्हा बसवलं, की ही मोजणी पुन्हा करा.